कंडी कशी पिकते?

खोट्या बातमीस आपल्या भाषेत जितकी नावे आहेत तितकी खऱ्या बातमीस नाहीत. कोणी तीस आवई म्हणतो, कोणी भुमका, कोणी वावडी, कोणी हूल. कचेरीच्या कागदात ती अफवा होते आणि पंडितांच्या लेखणीत किंवदंती. ती उठते, पिकते, उडते, पसरते. परंतु ती प्रथम कोणाच्या मुखातून निघाली असे विचारू गेल्यास 'लोक म्हणतात' ह्यापलीकडे उत्तर मिळत नाही. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ यावे तशी ती आपोआप आली आणि तीत आपला कोणाचाच हात नाही, अशी आपण सर्वांनी समजूत करून घेतली आहे. ह्या समजुतीचाच थोडा विचार प्रस्तुत महिन्यात करावा असे आम्ही योजिले आहे. त्यास निमित्त झाले ते एका भोजनाचे.

आमच्या एका स्नेह्यांच्या घरी गेल्या महिन्यात मंगलकार्य होते. पंगत उठल्यावर वरच्या मजल्यावर विडा घेत आम्ही पाचसहा जण बसलो होतो. त्यांत एक निवृत्त अभियंते, एक वैद्यकीचा व्यवसाय करणारे, एक प्राध्यापिका अशी मंडळी होती. बोलता बोलता गोष्ट निघाली ती लोकांच्या भोळेपणाची. प्रत्येकाने एकेक मासला सांगितला, हशा झाला, आणि शिक्षणाचा प्रसार झाल्याखेरीज हे अज्ञान जावयाचे नाही असा ठराव जवळजवळ एकमताने संमत झाला. त्यानंतर पाव घटकाही गेली नसेल, तोच यजमानांनी खिशातून मोबाइल काढिला आणि "हे ऐका, डोळे उघडतील" असे म्हणून मेकॉलेचे एक भाषण गंभीर स्वराने वाचून दाखविले. सर्वांनी माना हलविल्या. प्राध्यापिकाबाईंनी तर "मलाही पाठवा" असे म्हटले.

वाचकांपैकी पुष्कळांनी तो मजकूर पाहिला असेलच. लॉर्ड मेकॉले ह्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात असे सांगितले म्हणतात की, आपण सारा हिंदुस्थान पालथा घातला, तेथे एकही भिकारी अथवा चोर आढळला नाही; सबब ह्या लोकांस जिंकावयाचे तर त्यांची विद्या आणि संस्कृती मोडली पाहिजे. मजकूर ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात हे खरे. परंतु मेकॉले १८३४ च्या जून महिन्यात मद्रासेस उतरला आणि १८३८ पर्यंत हिंदुस्थानातच होता. विलायतेचा जलप्रवास त्या काळी महिनेच्या महिने चाले. तेव्हा त्या तारखेस तो कलकत्त्यात असता लंडनच्या पार्लमेंटात उभा कसा राहिला? त्याने हिंदुस्थान पालथा घातल्याचे म्हणावे, तर तोवर त्याचा प्रवास मद्रासेहून उटकमंड आणि पुढे कलकत्ता एवढाच झाला होता. त्या वेळी तो लॉर्डही नव्हता. तो किताब त्यास १८५७ साली मिळाला. ती तारीख मात्र खरी आहे, आणि फसगतीचे मूळ तेथेच आहे. त्याच दिवशी त्याने गव्हर्नर जनरल बेंटिंक ह्याच्यासाठी शिक्षणविषयक टिपण लिहिले. ते टिपण आज कोणासही वाचावयास मिळते. त्यात संस्कृत व अरबी विद्येविषयी तुच्छता भरपूर आहे. आपली स्तुती औषधालाही नाही.

आम्ही हे बेताबेताने सांगितले. यजमान क्षणभर थांबले, मग म्हणाले, "शब्द कदाचित त्याचे नसतील, पण भावार्थ तर खरा आहे ना?" ह्या एका वाक्यात कंडीचे अर्धे शास्त्र आले आहे असे आम्हांस वाटते. भावार्थ आपल्यास प्रिय असला म्हणजे आपण शब्दांची झडती घेत नाही. आपले राष्ट्रगीत 'युनेस्को'ने जगात सर्वोत्कृष्ट ठरविले, ही बातमी दरवर्षी कोणीतरी नव्या आनंदाने पाठवितो. त्या संस्थेने अशी निवड कधी केलेली नाही आणि असे विचारणारांस तिने २००८ सालीच तसे कळविले होते. आपले राष्ट्रगीत आपल्यास प्रिय आहे तेवढे पुरेसे नाही काय? त्यास परक्याच्या प्रशस्तिपत्राची गरज का भासावी? नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांची नोट निघाली तेव्हा तीत सूक्ष्म यंत्र असून जमिनीत खोल पुरली तरी तिचा पत्ता उपग्रहास लागतो असे चांगल्या शिकलेल्या लोकांनी सांगितले. संदेश धाडणाऱ्या यंत्रास शक्तीचा पुरवठा लागतो, आणि कागदाच्या घडीत तो कोठून येणार, हा प्रश्न शाळेत विज्ञान शिकलेल्यास सुचावयास हवा होता. तो सुचला नाही, कारण काळा पैसा बाहेर पडावा ही इच्छा प्रबळ होती. १९ मे २०२३ रोजी ती नोट चलनातून मागे घेण्याचे जाहीर झाले. त्या वेळी लोकांनी घरोघरच्या नोटा हातांनी शोधून बँकेत नेऊन दिल्या. उपग्रहाने कोणास साह्य केल्याचे ऐकिवात नाही.

इच्छा माणसास किती दूर नेते ह्याचे उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु पुण्यात पुष्कळांस ते पटेना. पार्वतीबाईंनी स्वतःस विधवा मानिले नाही. ज्या घरांतील कर्ते पुरुष त्या रणात नाहीसे झाले, त्या घरांस भाऊसाहेब परत येणे म्हणजे आपलाही माणूस परत येण्याची आशा होती. अशा वेळी एक कनोजा ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. चौकशीअंती तो तोतया ठरून रत्नागिरीस कैदेत पडला; तरी लोकांची आशा कैदेत पडली नाही. १७७६ साली तो सुटला तेव्हा कोकणातील किल्ले त्याच्या हाती आले आणि हजारो माणसे त्यास मिळाली. महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याचा मोड केला, तो समुद्रमार्गे पळाला, राघोजी आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी 'तोतयाचे बंड' हे नाटक ह्याच प्रसंगावर रचिले. भाऊसाहेबांस प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असता हे बंड झाले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या माणसांस मूर्ख म्हणणे आमच्या जिवावर येते. ती दुःखी होती, एवढेच.

'डोळ्यांनी पाहिले ते तरी खरे मानावे' असे कोणी म्हणेल. त्यास आमच्या घरचीच हकीकत सांगतो. गुरुवार, २१ सप्टेंबर १९९५. पितृपक्ष चालू होता. दिल्लीत पहाटे निघालेली वार्ता टेलिफोनवरून दुपारच्या आत आमच्या आळीत पोचली की, गणपती दूध पीत आहे. त्या एका दिवसात ती वार्ता लंडन व न्यूयॉर्क येथील देवळांपर्यंत गेली आणि दिल्लीत दूध मिळेनासे झाले. आमच्या देवघरातील पितळेच्या गणपतीपुढे आम्ही सर्व जमलो. चमचा सोंडेस लाविला आणि खरोखरच दूध डोळ्यांदेखत कमी होऊ लागले. आम्ही स्वतः तो चमचा धरिला होता. हात थरथरत होता. शेजारपाजारची मंडळी येऊन गेली, मुलांनी घरातले सर्व दूध संपविले.

आमच्या आत्याबाई त्या वेळी सत्तरीच्या घरात होत्या. सोवळेओवळे कडक, शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांनीही दूध पाजिले, हात जोडिले. रात्री देवघर आवरताना मात्र त्यांनी आम्हांस हाक मारिली. गणपती ज्या ताम्हनात होता ते ताम्हन दुधाने भरले होते, आणि पाटाखालची फरशी चिकट झाली होती. त्या म्हणाल्या, "अरे, देवाने घेतले असते तर ताम्हन कोरडे असते. आणि माझा नैवेद्य तो रोज न जेवता घेतो, त्याला आजच का भूक लागावी?" एवढे बोलून त्यांनी ते ताम्हन घासावयास घेतले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत शास्त्रज्ञांचा खुलासा आला. सरकारी विज्ञान विभागाच्या तज्ज्ञांनी दुधात रंग मिसळून तो मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना दाखविला होता. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दुधाचा पृष्ठभाग ताणलेला असतो. तो मूर्तीच्या फुगीर भागास टेकताच द्रव बाहेर ओढला जातो आणि इतक्या पातळ थराने अंगावरून उतरतो की पांढऱ्या वा चकचकीत मूर्तीवर तो दिसतच नाही. वाचक भगिनींनी एखाद्या पितळी तांब्याच्या पोटास भरलेला चमचा किंचित कलता लावून पाहावे. तांब्याही दूध पितो. आत्याबाईंना पृष्ठताण हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु आम्ही सर्व वर सोंडेकडे पाहत असता त्यांनी खाली ताम्हनात पाहिले. आमच्या चार पदव्या त्या दिवशी उपयोगी पडल्या नाहीत हे कबूल केले पाहिजे.

अकरा वर्षांनी मुंबईत त्याहून वाईट प्रकार झाला. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या किनाऱ्यावरील समुद्राचे पाणी गोड झाले अशी वार्ता उठली आणि हजारो लोक बाटल्या व कॅन घेऊन धावले. ते पाणी लोक प्याले, लहान मुलांस पाजिले, घरी आजाऱ्यांसाठी नेले. पाणी खरोखरच कमी खारट लागत होते, ह्यात असत्य काही नव्हते. ऐन पावसाळ्यात मिठी नदीचे गोडे पाणी खाडीत येते व खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे काही वेळ वर तरंगते. परंतु तीच मिठी शहराची घाण आणि कारखान्यांचे सांडपाणी वाहून आणिते. पाणी पिऊ नये म्हणून अधिकारी कंठशोष करीत होते. लोक त्यांच्यादेखत ओंजळी भरीत होते. अनुभव खरा असतो. त्यावरून आपण काढिलेले अनुमान तितके खरे असतेच असे नाही.

इच्छा आणि विस्मय ह्यांनी होणारी हानी बहुधा दुधापुरती राहते. भीतीचे तसे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगास ह्या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, निदान केले. रोग्यांस घरातून काढून इस्पितळात नेऊ लागताच अशी भुमका उठली की, तेथे माणसांस उलटे टांगून त्यांच्या शरीराचे तेल काढितात आणि ते औषधास वापरितात. ऑक्टोबरच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. ह्या लोकांस हसणे सोपे आहे. परंतु घरांत बळाने शिरणारे शिपाई त्यांनी पाहिले होते. नेलेला माणूस परत येत नाही हेही पाहिले होते. परत न येण्याचे कारण असे की, इस्पितळाच्या भयाने घरचे लोक रोग्यास लपवून ठेवीत आणि अगदी शेवटच्या घटकेस तो तेथे पोचे. तो दगावला म्हणजे भुमका खरी ठरे, ती खरी ठरली म्हणजे पुढचा रोगी आणखी लपविला जाई. अशा प्रकारे कंडी आपला पुरावा आपणच निर्माण करिते. राज्यकर्त्यांविषयीचा अविश्वास सकारण होता, तेलाची गोष्ट निराधार होती. आणि सकारण अविश्वासाच्या जमिनीत निराधार गोष्टी फार जोमाने रुजतात.

आता ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते कशी ते पाहू. मोबाइल नव्हते तेव्हा पोस्टकार्डे होती. पन्नाशीपुढील वाचकांस ती आठवत असतील. अमुक देवाचा महिमा सांगून शेवटी लिहिलेले असे की, अशीच २१ पत्रे लिहून पाठवावी. एकाने पाठविली त्यास धनलाभ झाला, दुसऱ्याने पत्र फाडिले त्याचा मुलगा गेला. आईबापांची छाती कशी होणार? गंमत म्हणून आम्ही ह्याचे गणित करून पाहिले. प्रत्येकाने आज्ञा पाळिली तर पाचव्या फेरीस ४० लाख ८४ हजार १०१ पत्रे होतात आणि सातव्या फेरीस १८० कोटींच्या वर, म्हणजे सर्व देशाच्या लोकसंख्येहून अधिक. पत्रलेखनाचा कंटाळा हाच त्या काळी समाजाचा रक्षक होता. आज तो कंटाळा उरला नाही. बोट टेकविले की काम झाले. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. परंतु त्या वेळी एका गटात २५६ माणसे मावत. पाच गट म्हणजे १२८०. ही मर्यादा त्याच महिन्यात का आली, हे आता लिहावयाचे आहे, आणि ते लिहिणे आम्हांस सुखाचे नाही.

त्या वर्षी मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे मजकूर देशभर फिरत होते. त्यांतील एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलास उचलून नेतात असे दिसे. ती फीत मुळात कराचीतील, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करण्यासाठी तयार केलेली. तीत शेवटी ते दोघे मुलास परत आणून सोडितात आणि एक फलक दाखवितात. पसरविताना तो शेवट कोणी कापून टाकिला होता. जून महिन्यात आम्हांस आमच्या बहिणीकडून असाच एक मजकूर आला. साधूंच्या व भिकाऱ्यांच्या वेषात टोळी आली आहे, अनोळखी माणूस दिसताच सावध व्हा. आमचा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. आम्ही तो मजकूर बारा नातलगांस व राहत्या इमारतीच्या गटास पाठविला. वर आमचे दोन शब्दही जोडिले की, 'खरेखोटे देव जाणे, पण काळजी घेतलेली बरी.'

रविवार, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. भिक्षेसाठी हिंडणारे पाच जण तेथे आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. त्यांच्यापैकी एकजण एका लहान मुलीशी बोलला असे म्हणतात, आणि मुले पळविणारे आले अशी हाक उठली. जमावाने त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारिले. पाचही जण मेले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे अशाच चोरट्यांच्या अफवांनी पेटलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक ह्यांचा जीव घेतला.

२ जुलैच्या सकाळी वर्तमानपत्र वाचताना आम्हांस प्रथम आठवण झाली ती आमच्या लहानपणच्या दाराची. डौर वाजवीत डवरी गोसावी अंगणात आला की आत्याबाई सुपातून जोंधळे आणून त्याच्या झोळीत घालीत आणि आम्ही मुले त्याच्याभोवती घोळका करून उभी राहत असू. तो आमच्याशी बोले, आमची नावे विचारी. मुलाशी बोलणे हा तेव्हा अपराध नव्हता. त्यानंतर आम्हांस आमचे ते दोन शब्द आठवले. आम्ही पाठविलेला मजकूर राईनपाड्यास पोचला असे आम्ही म्हणत नाही. पोचला असण्याचा संभव फार थोडा. परंतु तेथे जो पोचला तोही आमच्यासारख्याच कोणी आजोबांनी, मामांनी, शिक्षकांनी काळजीपोटी पुढे धाडिलेला असणार. दुष्टाव्याने एकदा कोणी लिहिला असेल, सज्जनांनी तो लक्ष वेळा वाहून नेला. यजमानांचे 'भावार्थ खरा आहे ना' आणि आमचे 'काळजी घेतलेली बरी' ही दोन्ही एकाच तपासणीतून सुटण्याच्या वाटा आहेत. काळजी घ्यावयाची तर ती त्या पाच जणांचीही घ्यावयास हवी होती. ते आमच्या हिशेबातच नव्हते. आत्याबाई त्या वेळी हयात नव्हत्या. असत्या तर त्यांनी इतकेच विचारिले असते की, कोणाचे मूल गेले? कोणत्या गावचे? तुला कोणी सांगितले? ह्या तिन्हींस आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उपाय काय, असे वाचक विचारतील. मोठे उपाय सरकारने व कंपन्यांनी करावे. घरच्या घरी करण्याजोगे तेवढे सांगतो. पहिली गोष्ट, मजकुरात गाव, तारीख व सांगणाराचे नाव आहे काय ते पाहावे. नसल्यास तो तेथेच थांबवावा. असल्यास ती तारीख व ते नाव पडताळून पाहावे, कारण मेकॉलेच्या मजकुरात दोन्ही होती. चित्र असल्यास ते संगणकावर उलट शोधून प्रथम कोठे छापले गेले हे पाहता येते. घरातील शाळकरी मुले हे दोन मिनिटांत करून दाखवितील, आणि त्यांनाही आजोबांस काही शिकविल्याचा आनंद होईल. केंद्र सरकारच्या योजनांविषयीचे काही असेल तर पत्र सूचना कार्यालयाची तपासणी शाखा २०१९ पासून खुलासे प्रसिद्ध करीत आहे. औषधोपचाराचे असेल तर आपल्या डॉक्टरांस विचारावे. त्यांस विचारण्याची लाज वाटत असेल तर ते औषध घेण्याचीही वाटू द्यावी. 'जास्तीत जास्त लोकांना पाठवा' असे शेवटी लिहिलेले असेल तर पाठवू नये. आणि मजकूर वाचताक्षणी छाती अभिमानाने फुगली किंवा भयाने धडधडली, तर तीच खूण समजून हात आवरावा. त्या अवस्थेत आपण सर्वच सोंडेकडे पाहत असतो.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. चुकून खोटे पाठविले गेल्यास त्याच लोकांस तसे कळवावे. आम्ही २ जुलैच्या रात्री आमच्या बारा नातलगांस व इमारतीच्या गटास लिहिले की, पूर्वी पाठविलेला मजकूर आम्ही तपासला नव्हता. तो खोटा आहे, कृपा करून पुढे पाठवू नये व पाठविला असल्यास परत कळवावे. दोघांचीच उत्तरे आली. त्यांतील एक असे होते की, 'कळले. तरी काळजी घेतलेली बरी.' ते वाचून आम्हांस राग आला नाही. ते वाक्य आम्हीच त्यांस शिकविले होते.

त्या भोजनाच्या दिवशी वरच्या मजल्यावर आम्ही ही सर्व हकीकत सांगितली. यजमान काही बोलले नाहीत. अभियंते पान चघळीत राहिले, आणि प्राध्यापिकाबाईंनी विषय बदलला. आम्हांस वाटले, मंगलकार्याच्या घरी उगाच विरजण घातले. परंतु रात्री घरी आल्यावर मोबाइल उघडून पाहतो तो यजमानांचा त्यांच्या सर्व आप्तेष्टांस उद्देशून मजकूर: 'आज सकाळी मी पाठविलेले मेकॉलेचे भाषण खरे नाही. मी तपासले नव्हते. क्षमस्व.' त्याखाली कोणी हात जोडल्याचे चिन्ह टाकिले होते, कोणी काहीच नाही. आम्ही मात्र तो मजकूर आनंदाने पुढे पाठविला. पाठविण्यापूर्वी यजमानांस दूरध्वनी करून तो त्यांचाच आहे ना, एवढे विचारून घेतले.